वजन उतरलं, कपाट मात्र अजून ९६ किलोचंच - शिवलेले कपडे आल्टर करण्याबद्दल

ढगळ (८ जून, रात्री ११.१०)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. मागच्या वर्षी फेब्रुवारीत शुगर निघाली, डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं की गोळ्या वाढवत जायच्या का पोट कमी करायचं ते तुम्ही ठरवा. मी पोट ठरवलं. सोळा महिन्यांत ९६ वरून ७१ वर आलोय. कसं केलं ते कृपया विचारू नका, त्यावर इथे छप्पन धागे आहेत आणि माझ्याकडे नवीन काही नाही, चाललो आणि रात्रीचा भात सोडला, संपलं.

प्रश्न कपड्यांचा आहे. मी रेडिमेड पँट कधी घातलेलीच नाही कारण कंबर बसली की लांबी जास्त आणि लांबी बसली की मांडीत अडकणार, त्यामुळे सगळं गल्लीतल्या मास्टरांकडे शिवलेलं. अकरा पँटी, वीसेक शर्ट, एक ब्लेझर आणि २००६ चा लग्नातला सूट. कंबर ४२ ची साडेपस्तीस झालीय. बेल्टला घरीच खिळा तापवून तीन भोकं पाडली, आता बेल्टचं टोक पार मागच्या खिशापर्यंत जातं आणि पुढे पँटीला अशा चुण्या पडतात की वाटतं धाकट्याने थोरल्याची घातलीय. परवा सोसायटीतल्या एका काकांनी जिन्यात थांबवलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सगळं ठीक आहे ना रे? रिपोर्ट काय म्हणतात?" सोळा महिने घाम गाळून मिळालेलं सर्टिफिकेट हे!

बायको म्हणते सगळं बोहारणीला दे, निदान एक पातेलं तरी येईल. माझा जीव होत नाही, कापड चांगलं आहे. तर पँट किती इंच आत घेता येते? शर्टाचं काय करायचं? ब्लेझर होतो का? आणि नवीन शिवण्यापेक्षा हे परवडतं का? अनुभवी लोकांनी सांगा.

रानजाई (८ जून, रात्री ११.३२)

आधी अभिनंदन! २५ किलो म्हणजे खायचं काम नाही (शब्दशः). काकांचा किस्सा वाचून हसून हसून पुरेवाट. मला ऑफिसात एकीने विचारलेलं, घरी काही त्रास आहे का. तेव्हा मी १४ किलो कमी केलं होतं आणि जुनेच ड्रेस ओढणी लपेटून घालत होते.

वाचते आहे, मलाही हवंय हे.

कोल्हापुरी_पायताण (९ जून, सकाळी ७.०५)

भावा, अकरा पँटी ठेवून काय करणारैस? दोन चांगल्या निवड, बाकीच्या दे कुणालातरी. मी सांगतो काय होतं ते. मी कमरेनं ३४ चा झालो तवा हौसेनं सात पँटी एकदम टाकल्या आल्टरला. गणपती झाले, दसरा झाला, दिवाळी झाली, म्हटलं एवढं केलंय तर चार लाडू चालतात. फेब्रुवारीत परत ३६. आणि टेलरनं आतलं कापड कापून टाकलेलं. आता त्या पँटी ना पुढं ना मागं. वजन एका जागी थांबूस्तोवर कात्री लावायची नाही, एवढं ध्यानात ठेव.

सुईदोरा (९ जून, दुपारी २.४८)

पायताण यांना जोरदार अनुमोदन. बावीस वर्षं घरी शिवणकाम करतेय, नाशिकला, आधी लेडीज आणि गेली आठदहा वर्षं थोडं जेंट्सही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कंटाळा आला तर सोडून द्या.

सगळ्यात आधी शिवणीतली माया. हा शब्द ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडलेलं असतं ती माया. चांगला शिंपी ती सोडतो, पुढेमागे कपडा मोठा करता यावा म्हणून. तुम्हाला लहान करायचंय, म्हणजे माया वाढणार. ती कापायची नाही. निदान वर्षभर नाही. फार जाड होत असेल, खुपत असेल तर कडेने ओव्हरलॉक करून इस्त्रीने दाबून बसवायची, आणि तरी नाही जमलं तर एक इंच ठेवून वरचं कापा. आल्टरला देताना स्वतः तोंडाने सांगायचं की मास्टर, कापू नका. सांगितलं नाही तर बरेच जण कापतात, त्यात त्यांची चूक असं नाही, आतून साफ दिसावं म्हणून कापतात.

आता पँट. आल्टरवाला करतो काय, मागची मधली शिवण उसवतो. शिवलेल्या पँटीचा कमरेचा बेल्ट, म्हणजे वरची कापडी पट्टी, मागे मधोमध जोडलेला असतो म्हणून हे सोपं जातं. तिथे दोन्ही बाजूंना पाऊण पाऊण इंच आत घेतलं की कंबर दीड इंच कमी, आणि तीच टीप सीटपर्यंत हळूहळू निमुळती करत नेतात. दोन, फार तर अडीच इंचापर्यंत हे छान होतं. त्यापुढे गेलात की मागचे दोन खिसे एकमेकांचा मुका घ्यायला येतात.

पण ढगळ, तुमची खरी अडचण वेगळी आहे आणि ती कुणी सांगत नाही. तुमचं पोट पुढून गेलंय आणि पँट आत घेणार मागून. मग होतं काय, बाजूची शिवण मागे ओढली जाते, साइड खिशाची तोंडं आ वासतात आणि पुढे ढगळपणा तसाच राहतो. शिवाय पोट असलेली बरीचशी माणसं पँट पोटाच्या खाली घालतात, शिंपीही माप तिथलंच घेतो, म्हणजे पुढचं आसन (कमरेपासून दोन पायांच्या मधल्या शिवणीपर्यंतचा भाग) आखूड कापलेलं असतं. आता पोट गेलं की तुम्ही ती पँट वर कमरेवर घ्यायला बघणार आणि ती वर येणार नाही, आसनात ओढणार. इंच मोजून हे कळत नाही, घालून आरशात बाजूने बघावं लागतं.

साडेसहा इंच मागून शक्यच नाही. अख्खा बेल्ट काढून, बाजूच्या शिवणी उसवून, पुढे एक प्लेट (चुणी) वाढवून, मागून दोन इंच घेऊन जमवता येतं. नवी पँट शिवायला लागते तेवढीच मेहनत, वर जुनी उसवायची ती वेगळी. म्हणून चांगलं कापड असेल, मांडीवर चकाकी आली नसेल, मोहरी, म्हणजे पायाशी असलेलं पँटीचं तोंड, झिजली नसेल, अशा दोनतीनच निवडा. मांडी आणि मोहरी आतल्या शिवणीतून बारीक होते, ते सोपं आहे, पण कंबर केली आणि मांडी तशीच ठेवली तर पँट घागऱ्यासारखी दिसते, दोन्ही एकदम सांगा.

शर्टाचं संध्याकाळी लिहिते, गिऱ्हाईक आलंय.

खडूस_काका (९ जून, दुपारी ४.१५)

एवढा सगळा उपद्व्याप करण्यापेक्षा दोन नव्या पँटी शिवाव्यात. माणूस बारीक झाला की खर्च वाढतो हे नव्यानेच कळलं. कृपया हलके घ्या.

ढगळ (९ जून, संध्याकाळी ६.३०)

सुईदोरा ताई, दंडवत! आत्ता आरशात बाजूने उभं राहून बघितलं, अगदी तुम्ही लिहिलंय तेच, साइड खिसे कानासारखे बाहेर आलेत. आणि हो, मी पोटाखालीच घालायचो.

काका, तुमचं बरोबर आहे पण त्या अकरातल्या चार पँटी अशा आहेत की तसं कापड मला आता दुकानात मिळत नाही. बाकीच्या सात बोहारणीला, पातेलं येऊ दे.

सुईदोरा (९ जून, रात्री ९.२०)

हां, शर्ट.

शर्टाचं एकच बघायचं, खांदा. शर्ट घाला, बाही जिथे खांद्याला जोडलीय ती शिवण कुठे येते बघा. खांद्याच्या हाडावर किंवा त्याच्या अर्धा इंच खाली असेल तर शर्ट वाचला. इंच-दीड इंच खाली दंडावर लोंबत असेल तर सोडून द्या, कारण मग दोन्ही बाह्या काढायच्या, खांदा कापायचा, मुंढा, म्हणजे बाही बसते ती जागा, नव्याने कापायचा, बाहीचा गोल परत त्या मुंढ्याला जुळवायचा. करतात लोक, पण साध्या कॉटन शर्टासाठी एवढं कुणी करू नये.

खांदा ठीक असेल तर बाकी सोपं. बाहीच्या कफापासून काखेतून खाली घेरापर्यंत एकच लांब शिवण असते, तीच आतून नव्याने मारायची. इथे एक गणित लोक चुकतात. शिवणीत अर्धा इंच दाबलं की एक इंच कमी होतो कारण कापडाचे पदर दोन आहेत, आणि शिवणी दोन, म्हणजे शर्ट दोन इंच कमी. घरी करणारे हे विसरतात आणि शर्ट अंगात घुसत नाही. मी शिकत होते तेव्हा माझ्या भावाच्या शर्टाचं हेच केलं होतं. त्याने तो शर्ट हात वर करून अर्धा घातला आणि तसाच अडकून अंगणभर फिरला, तोंड शर्टात. आईने उसवला.

काखेत फक्त छाती दाबून बाही तशीच ठेवली तर काखेत कापडाचा गोळा होतो, म्हणून बाही आणि अंग एका ओळीत. फार झोळ असेल तर पाठीला दोन उभे टक्स (आत दाबून शिवलेल्या चुण्या) घ्या, तरुण मुलांच्या शर्टाला असतात तसे. पण टक्स घेतले की पोट परत आलं तर पहिलं तिथेच ताणतं, हे लक्षात असू द्या!

कॉलरला मात्र फारसा इलाज नाही. मान बारीक झाली की वरचं बटण लावल्यावर कॉलर गळ्याभोवती रिंगणासारखी उभी राहते. बटण अर्धा इंच सरकवता येतं, त्याहून जास्त नाही, कॉलरची टोकं एकावर एक चढतात. असे शर्ट वरचं बटण उघडं ठेवून घाला, टायसाठी नवा शिवा.

रानजाई (१० जून, सकाळी १०.०२)

माझी फजिती सांगते. वजन कमी झालं, दिवाळीला पाच ब्लाउज शिवायला टाकले आणि सवयीने पिशवीत जुना मापाचा ब्लाउज टाकून दिला!! ताईंनी त्यावरूनच शिवले. पाचही ढगळ. दोष कुणाला देणार, माप मीच दिलेलं. माझा मापाचा ब्लाउज २०११ पासूनचा एकच होता, त्याला मी माझा आधार कार्ड म्हणायचे. तो आधी बदला बायांनो.

आणि साडीचं बरं आहे, साडीला माप नसतं. वजन वाढलं तर निऱ्या दोन कमी, घटलं तर दोन जास्त. सगळा घोळ ब्लाउजचा आणि परकराचा.

बे_एरियातली (१० जून, सकाळी ११.४०, माझ्याकडे रात्र)

रानजाई, अगदी अगदी. माझ्याकडे लग्नातल्या पैठणीचा ब्लाउज आहे, कटोरीचा (छातीशी वाटीसारखा वेगळा तुकडा जोडलेला). बाजूच्या टिपा आत घेतल्या, छाती बसली पण पुढचा गळा फुगा होऊन पुढे येतो आणि खांदा सारखा घसरतो. इथे ड्रायक्लीनिंगवाल्यांकडे आल्टरेशन करून देतात पण ते पँटची उंची कमी करण्यात हुशार, कटोरी बघून त्या बाईने मलाच विचारलं हे काय असतं. डिसेंबरमध्ये पुण्याला येणार आहे तोपर्यंत घरी काही करता येईल का? माझ्याकडे मशीन आहे, सरळ टीप मारता येते एवढंच.

सुईदोरा (१० जून, दुपारी ३.१०)

बे एरियातली, बाजूने कितीही दाबलं तरी कटोरी तेवढीच राहते, म्हणून गळा फुगतो. सरळ टीप येत असेल तर एक करून बघा. खांद्याची शिवण असते ना, पुढचा आणि मागचा भाग जोडणारी, तिथून अर्धा इंच वर उचला. गळ्याच्या बाजूला अर्धा इंच आणि बाहीच्या बाजूला पाव इंच, तिरकी टीप. गळाही वर येतो आणि मुंढाही जरा आवळतो, तो तसाही मोठा झालेला असणार. खांद्याशी गळ्याची पट्टी किंवा पायपिंग असेल तेवढं दोन इंच उसवावं लागेल, नंतर हाताने शिवून टाका. मागे नाडी लावली तर घसरणं आणखी थांबतं.

पण थांबा! पैठणीचं कापड आहे. रेशमावर सुईची भोकं राहतात, कॉटनसारखी धुऊन इस्त्री केली की बुजत नाहीत. म्हणून मशीनवर बसायच्या आधी कच्चे टाके घाला हाताने, लांब लांब, बारीक सुईने, मायेच्या बाजूलाच. घाला, हात वर करा, वाका, पदर घेऊन बघा. मगच टीप. आणि उलटा घालून पिना लावत असाल तर एक लक्षात ठेवा, उलटा घातला की डावं उजवीकडे जातं. आपली दोन्ही अंगं कधी सारखी नसतात, एक खांदा उतरता असतोच. म्हणून शेवटचं माप सरळ बाजूने घालूनच बघायचं, पिन बाहेरून.

कटोरी लहान करायला मात्र हात लावू नका, ते डिसेंबरला पुण्यात.

बे_एरियातली (१० जून, रात्री ११.५५)

कच्चे टाके घातले!!! आत्ता आरशासमोर आहे. अर्धा इंचाने एवढा फरक पडतो? थँक्यू थँक्यू ताई. टीप उद्या सावकाश.

वर्धेचा_वऱ्हाडी (११ जून, सकाळी ९.१५)

माझं जरा वेगळं आहे. बेरिॲट्रिक सर्जरी होऊन सात महिने झाले, १३१ चा होतो, ९४ वर आलो अन अजून उतरूनच राहिलं. दर महिन्याला माप बदलते. डॉक्टर म्हणतात वर्ष-दीड वर्षाने थांबते साधारण. तवर काय घालावं माणसानं? नोकरी बँकेत, पायजमा घालून जाता येत नाही.

कोल्हापुरी_पायताण (११ जून, सकाळी ९.४०)

गॅलिस लाव की, ते खांद्यावरनं पँट धरणारे पट्टे! आमचे आजोबा लावायचे. बेल्टनं पँट आवळली की चुण्या पडतात, गॅलिसनं वरनं टांगली जाते, चुण्याच नाहीत. वरनं स्वेटर घाल, कुणाला दिसतंय.

वर्धेचा_वऱ्हाडी (११ जून, सकाळी ९.५२)

भाऊ, जूनमध्ये वर्ध्यात स्वेटर? बाकी गॅलिसची आयडिया आवडली.

सुईदोरा (११ जून, दुपारी १.३०)

पायताण यांनी गमतीत सांगितलं पण खरंच चालतं ते. वऱ्हाडी, तुमच्यासाठी बाकी सांगते. उतरतंय तोवर एकही चांगला कपडा कापू नका, शिवूही नका. दोन स्वस्तातल्या रेडिमेड पँटी घ्या, घट्ट वाटतील अशा, म्हणजे दोनतीन महिने जातील. घरात आहेत त्यातल्या एकदोन पँटींना मागच्या बेल्टमध्ये इलास्टिक घालून घ्या, बाजूपासून बाजूपर्यंत, पुढून सपाटच दिसते. आणि शर्टाच्या बाजूला शिंप्याला सांगून लांब टाक्याची कच्ची टीप मारून घ्या, महिन्याने ओढली की निघते, नवी मारायची. दहा मिनिटांचं काम आहे.

आणखी एक, नाजूक आहे पण लिहिते. एवढं वजन गेलं की दंडावर आणि पोटावर कातडी सैल राहते. माझ्याकडे येणाऱ्या दोन जणींचं झालं तसं. टेप लावली की माप कमी भरतं, कपडा त्यावर बेतला तर बसल्यावर दंडात रुततो कारण बसल्यावर कातडी पसरते. म्हणून माप उभं राहून एकदा आणि बसून एकदा द्यायचं. शिंप्याला कारण सांगायची लाज वाटत असेल तर नुसतं म्हणा, मास्टर बसून पण घ्या.

वर्धेचा_वऱ्हाडी (११ जून, दुपारी २.०५)

हे दंडाचं तुम्ही लिहिलं म्हणून बरं झालं. मला वाटलं माझंच काही बिघडलं.

निवांत (१२ जून, रात्री १०.२०)

धागा वेगळ्या दिशेला नेतोय, माफ करा. माझे वडील ७८ वर्षांचे, आजारपणात १८ किलो गेले. आता तब्येत बरी आहे पण वजन काही परत यायचं नाही. त्यांचे शर्ट अंगावर नुसते लटकतात. नवे घेऊ म्हटलं तर "आता कशाला" एवढंच म्हणतात. रोज संध्याकाळी बाकावर जायचे मित्रांबरोबर, ते बंद केलंय. आई म्हणते कपड्यांमुळेच. त्यांना न सांगता चार शर्ट दाबून आणावेत असं डोक्यात आहे. माप कसं देऊ? टेप लावू देणार नाहीत.

सुईदोरा (१२ जून, रात्री १०.५८)

दादा, धागा वेगळीकडे वगैरे काही नाही, हेच तर आल्टरचं काम.

टेप नको. ते आंघोळीला गेले की त्यांचा बनियन घ्या, सध्या अंगात बसतो तो. जमिनीवर सपाट पसरून काखेच्या खाली मोजा, दुप्पट करा, त्यात शर्टासाठी पाच इंच मिळवा. म्हाताऱ्या माणसांना सैल आवडतं, त्याहून घट्ट नको. बनियन ताणतो म्हणून मोजताना ओढू नका. आणि आईंना विचारा, शर्टाची बाही बोटांवर येते का. वजन गेलं की खांदा आत जातो आणि बाही आपोआप लांब होते. येत असेल तर कफ काढून इंचभर बाही कमी करायला सांगा.

चारही एकदम करू नका. एक करा आणि इस्त्रीच्या कपड्यांत ठेवून द्या. आणि बोटं थरथरत असतील तर काजबटणाच्या आत टिचबटणं लावून घ्या, वरून बटण दिसतंच, फक्त ते नुसतं शिवलेलं असतं. माझ्या सासऱ्यांना तसंच करून दिलं होतं, त्यांना ते बटण बोटांनी घालायचं नाही हे दोन दिवस कळलंच नाही, आणि कळल्यावर मला म्हणाले, फसवलंस होय.

खडूस_काका (१३ जून, सकाळी ६.४०)

निवांत, तुमच्या वडिलांना सांगा बाकावर एक जागा रिकामी ठेवणं बरं दिसत नाही. मी स्वतः ७३ आहे. जाकीट घालायला लावा, सैल शर्ट जाकिटाखाली झाकला जातो. माझंही तेच चाललंय.

रानजाई (१३ जून, सकाळी ८.११)

काका _/\_

ढगळ (१६ जून, रात्री ९.४५)

अपडेट देतो. आज मास्टरांकडे जाऊन आलो. चार पँटी, सहा शर्ट, ब्लेझर आणि सूट घेऊन. आधी सगळं धुऊन नेलं, कारण मास्टर धुतल्याशिवाय हातच लावत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. चपला घालून गेलो होतो, परत पाठवलं, म्हणाले ज्या बुटांवर घालता ते घालून या, उंची त्यावर ठरते. घर दोन मिनिटांवर म्हणून ठीक.

ब्लेझर घातला तर मास्टर मागून खांद्याच्या पॅडवर दोन बोटं ठेवून दाबून बघत होते. पॅडच्या टोकाखाली बोट गेलं, आत खांदा नव्हताच. म्हणाले, "कोटाचं सगळं खांद्यावर असतं, हा खांदा तुमचा राहिला नाही." बाजूने आणि पाठीतून दोनतीन इंच घेता येईल पण त्यापुढे पुढचे खिसे काखेखाली सरकतील. मी हुशारी केली, म्हटलं बटणं आत सरकवा ना. तर त्यांनी खडूने छातीवर मधली रेघ मारून दाखवली, बटण सरकलं की ती रेघ एका बाजूला जाते आणि एक कॉलर दुसरीपेक्षा मोठी दिसते. ब्लेझर भाच्याला.

पँटींचं सुईदोरा ताईंनी लिहिलं अक्षरशः तेच. बेल्ट काढून, पुढे प्लेट वाढवून. चारातल्या दोन करतो म्हणाले, एकीच्या मांडीवर कापड विरलंय, चौथीला आतून आधीच कुणीतरी माया कापलीय (तेव्हा मास्टर गावाला गेले होते म्हणून दुसरीकडे दिलेली, भोगतोय).

आता सूट. २००६ ला कंबर ३४. तो मी दोनदा मोठा करून घेतला होता, तिसऱ्यांदा मास्टर म्हणाले की माया संपली, मग तो २०१३ पासून कपाटात. आज त्यांनी पँट उलटी केली, मागची शिवण चार बोटं उसवली आणि उजेडात धरली. कापडावर बारीक भोकांच्या दोन रांगा होत्या, अर्धा-पाऊण इंचावर, आणि मधल्या पट्टीत कापड जरा गडद, नवं राहिलेलं. मास्टरांनी नखाने आतली रांग दाखवली, "ही लग्नाची. ही २०१० ची, दीड इंच सोडला होता तेव्हाची." मग जुनी वही काढली मापांची, कडा तेलकट झालेली, त्यात माझ्या नावापुढे ३४ खोडून साडेपस्तीस, ते खोडून ३७. पुढे ४२ पर्यंत सगळं. आज टेप लावली, साडेपस्तीस भरली. २०१० च्या रांगेवरच टीप मारणार, नवीन खूणच करावी लागली नाही. शेवटी लिहिताना खाली नवा आकडा लिहायच्याऐवजी त्यांनी वरच्या खोडलेल्या साडेपस्तीसभोवती गोल केला.

लग्नाच्या रांगेला अजून दीड इंच बाकी आहे. बायको म्हणाली उगाच चढू नकोस, भात खा थोडा.

कोल्हापुरी_पायताण (१६ जून, रात्री १०.०२)

लई भारी! आणि किती झाले पैसे ते सांग की, खडूस काका विचारणार आता.

ढगळ (१६ जून, रात्री १०.१०)

सूटच्या पँटीचे १५०, बाकीच्या दोन पँटींचे प्रत्येकी ४००, शर्ट ८० ला एक. त्यातही दोन शर्ट खांद्यावरून परत पाठवले. नवी पँट शिवायला ते ७०० घेतात, कापड वेगळं. म्हणजे काकांचं गणित अर्धं बरोबर.

खडूस_काका (१७ जून, सकाळी ६.३५)

अर्धं कसलं, पूर्ण. पण तो सूट करून घ्या.

निवांत (१९ जून, रात्री ९.३०)

एक शर्ट करून आणला, फिकट निळा. इस्त्रीच्या गठ्ठ्यात ठेवला. आज घातला. बाही बघत होते थोडा वेळ, मग आईला म्हणाले, हा आटला वाटतं. जाकीट पण घातलंय वरून.

उद्या दुसरा टाकतोय.

रानजाई (१९ जून, रात्री ९.४१)

निवांत <3

बरं आता परकराचं कुणी सांगेल का? नाडी आवळली की समोर सगळ्या चुण्या एका जागी गोळा होतात आणि साडीखालून पोट असल्यासारखं दिसतं, तेही आता नसताना!

सुईदोरा (१९ जून, रात्री १०.१५)

नेफ्याखालून (नाडी घालतात त्या पट्टीखालून) घेर कमी करावा लागेल, रानजाई. किती कळ्यांचा, म्हणजे किती उभ्या तुकड्यांचा आहे, चार का सहा? ते सांगा, मग लिहिते.

रानजाई (१९ जून, रात्री १०.१७)

थांबा, मोजून येते.